मल्लव्वाचा बिनसाखरेचा केक

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. ते भेटायला येणाऱ्या पाहुण्यांसारखे न बोलावता येतात आणि कॉटवर ऐसपैस बसून राहतात. सत्तरच्या दशकातली सात-आठ वर्षं मी सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या डाएट किचनमध्ये काढली. तिथे काय करत होतात, असं कुणी विचारलं तर मी सांगते, सफरचंदं शिजवत होते. लोक हसतात. हसू देत, माझं काय जातंय. पुढचं ऐकल्यावर हसतात का बघू.

*

त्या काळी आमच्याकडे धडधाकट माणूस सफरचंद खात नसे. पेरू, बोरं, सीताफळं ही खायची फळं. सफरचंद आजाऱ्याचं. कुणाच्या हातात सफरचंदाची पिशवी दिसली की समोरचा आधी पिशवीकडे बघायचा आणि मग आवाज खाली आणून विचारायचा, "कोण हो?"

एकदा मलाच खावंसं वाटलं म्हणून सात रस्ता चौकात दोन सफरचंदं घ्यायला थांबले. फळवाला तोलता तोलता म्हणाला, "कोण ॲडमिट हाय ताई?"

म्हटलं, "कुणी नाही. मीच खाणार आहे."

त्याने तागडीतली दोन्ही काढून ठेवली, ढिगातली त्यातल्या त्यात चांगली निवडून घातली आणि म्हणाला, "लौकर बऱ्या व्हा."

*

वॉर्डात येणारा प्रत्येक जण सफरचंदं आणायचा आणि पेशंटला तर पाणीसुद्धा गिळवत नसायचं. मग ती उशाशी साठत जायची. पेशंट बरा झाला तर त्याच्याबरोबर घरी जायची. पेशंट दगावला तर नातेवाईक सतरंजी, तांब्या, डबा, चपला, सगळं आठवणीने उचलायचे, सफरचंदं मात्र तिथेच राहायची. ती घरी न्यायची कुणाची छाती व्हायची नाही. आमचा वॉर्डबॉय याकूबभाई ती टोपलीत भरून किचनमध्ये आणून ठेवायचा.

मेट्रनबाईंना अन्न फेकलेलं खपत नसे. त्यांनीच आमच्या स्वयंपाकिणीला, मल्लव्वाला, सफरचंदाचा गर करायला शिकवलं. सालं आणि बिया काढायच्या, फोडी करायच्या, वाटीभर पाणी आणि दालचिनीचा तुकडा घालून झाकण ठेवायचं, मंद आचेवर मऊ होऊ द्यायच्या. मग पुरणयंत्रातून काढायच्या. ज्याच्या घशाखाली काही उतरत नाही, त्याच्याही घशाखाली तो गर उतरायचा.

मल्लव्वा अक्कलकोटकडची, लिंगायत, अर्धी कानडी आणि अर्धी मराठी. टोपली आली की आधी हात जोडायची, मग फळं तीन पाण्यांनी धुवायची. लिहिता येत नव्हतं, त्यामुळे कुठली बरणी जुनी आणि कुठली नवी हे ती माणसांवरून लक्षात ठेवायची. "ह्यो मास्तरचा गर, आदी ह्यो संपवा. त्यो परवाच्या म्हातारीचा." स्वतः मात्र कधी बोटसुद्धा लावायची नाही. "तुमी चाखा ताई. मला न्हाय जमायचं."

मग मी चाखायची. मास्तर जरा आंबट निघाले.

*

पुढे मेट्रनबाईंच्या डोक्यात केक आला. अंडं नको, कारण अंड्याचं नाव काढलं की निम्मा वॉर्ड ताट सारायचा. तूप नको, कारण हार्टवाल्यांना बंद. साखर नको, कारण शुगरवाल्यांना बंद.

"मग राहिलं काय?" मी विचारलं.

"कणीक, सोडा आणि हा गर," मेट्रनबाई म्हणाल्या. "ओलावा यातूनच येतो आणि गोडीही यातूनच येते. पण गोडी आहे म्हटल्यावर शुगरवाल्यांना दोन बोटांएवढाच तुकडा, समजलं?"

ओव्हन कुठला असायला! मोठ्या पातेल्यात सीना नदीची वाळू तापवली आणि तिच्यात डबा ठेवला. पहिला केक माढ्याकडच्या एका पैलवानाला दिला. छातीच्या दुखण्याने आला होता. त्याने तुकडा हातात घेतला, अंगठ्याने दाबला आणि गंभीरपणे विचारलं, "सिस्टर, ह्यो खायचा, का दुकतंय तितं बांदायचा?"

हळूहळू जमला. आच कमी ठेवायला लागलो, थोडं ताक घालायला लागलो. नंतर नंतर फार चांगला व्हायचा, खोटं कशाला बोलू.

*

सहा नंबरच्या कॉटवर टेंभुर्णीची एक आजी होती. मांडीचं हाड मोडलेलं, त्यामुळे दोन-अडीच महिने छताकडे बघत पडून. असं माणूस सगळं टिपतं. एक दिवस मी ताटली पुढे केली तर म्हणाली, "आज केक हाय व्हय?"

"हो आजी."

"मंग कोण गेलं?"

मी ताटली तिच्या हातात ठेवली. तिने शांतपणे तुकडा खाल्ला, पदरावरचे कणसुद्धा वेचून तोंडात टाकले. "चांगला हुता बिचारा," म्हणाली. "माजा केक लई दिस पुरंल की. सफरचंदं आणाया नातवंडं काय कमी हायती?"

आजी पुढे काठी टेकत आपल्या पायांनी घरी गेली. जाताना उशाजवळची सगळी सफरचंदं मोजून घेतली. किचनकडे बघून हसली सुद्धा.

*

मग एक दिवस मल्लव्वाचा नवराच ॲडमिट झाला.

शिवप्पा गुळाच्या अडतीवर कामाला होता. काम एकच. आलेल्या ढेपेचा खडा तोडायचा, जिभेवर ठेवायचा आणि सांगायचं, गूळ कुठला, कधीचा, किती टिकेल. तीस वर्षं तो गूळ चाखत होता आणि अंगात शुगर मुरत होती. पायाला चप्पल लागून जखम झाली, ती भरेना. अंगठा काळा पडला. डॉक्टरांनी मल्लव्वाला स्पष्ट सांगितलं, "शुगर खाली आली तर फक्त अंगठा काढून भागेल. नाही आली तर पाय जाईल, आणि पायावर थांबेलच असं मी सांगू शकत नाही."

त्या दिवसापासून मल्लव्वाने एकच ध्यास घेतला. शिवप्पाला गोडाशिवाय जेवण जायचं नाही, म्हणून त्याच्यापुरता एका वाटीत वेगळा केक. टोपलीतली सफरचंदं नाहीत. सात रस्त्यावर स्वतः जाऊन एक ताजं सफरचंद आणायची. मी एकदा म्हटलं, "अगं, टोपली भरलीय की."

"त्येंच्या तोंडात मेलेल्याचं घालू व्हय ताई?"

तेच आम्ही अख्ख्या वॉर्डाला घालत होतो.

*

तेव्हा शुगर लघवीतून तपासायचे. निळं औषध नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर जपून. विटकरी झालं तर वाईट. शिवप्पाची नळी रोज विटकरी. इंजेक्शन वाढवलं तरी विटकरी.

मेट्रनबाई तडक किचनमध्ये आल्या. सगळ्यांसमोर मल्लव्वाला म्हणाल्या, "नवऱ्याच्या प्रेमापोटी वाटीत साखर टाकतेस ना?"

मल्लव्वा म्हणाली, "न्हाय बाई."

"मग शुगर काय हवेतून येते?"

त्यांनी साखरेच्या डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली सेफ्टी पिनेने स्वतःच्या कमरेला लावली. मल्लव्वा रडली नाही. दुसऱ्या दिवशी वाटीत पीठ घालण्याआधी ती वाटी सगळ्यांना उलटी करून दाखवली. मग रोजच दाखवायला लागली. मला ते बघवायचं नाही.

*

खरं काय ते याकूबभाईने शोधलं. संध्याकाळी अडतीवरचे चौघे शिवप्पाला भेटायला यायचे. आजारी माणसाकडे फळं घेऊन जावं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते धोतराच्या सोग्यात गुळाचे खडे बांधून आणायचे.

"खाने कू नई बाई," याकूबभाई किचनमध्ये मेट्रनबाईंना सांगत होता. "पूछने कू लाते. बोलते, शिवप्पाअण्णा, तुमच बताओ, ये माल किधर का है."

शिवप्पावाचून अडतीवर कुणाला मालच ओळखता येत नव्हता. नव्या माणसाची जीभ तयार नव्हती. मग बिचारे मानाने विचारायला यायचे आणि हा उठून बसायचा, डोळे मिटायचा, खडा जिभेवर फिरवायचा आणि निकाल द्यायचा. "कोल्हापूरचा म्हणून इकू नगा. माढ्याकडला हाय. दोन म्हैने बी टिकायचा न्हाय."

हे ऐकलं आणि मल्लव्वा वॉर्डात गेली. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करणार. ती कॉटशेजारी खाली बसली आणि हळूच विचारलं, "का खाल्लं?"

शिवप्पाला खरंच वाईट वाटलं. म्हणाला, "खाल्लं न्हाय गं. चाकलं फकस्त."

*

मेट्रनबाई मल्लव्वाला काही म्हणाल्या नाहीत. कुलूप तसंच राहिलं आणि किल्लीही त्यांच्या कमरेलाच राहिली. माणसाला चूक कळली तरी ती काढून कुठे ठेवायची ते कळत नाही. अडतीवरच्या चौघांना डॉक्टरांनी फैलावर घेतलं. ते ऐकून चौघे गयावया करत गेले आणि दुसऱ्या दिवशी हातात सफरचंदांची भरलेली करंडी घेऊन आले. जन्मात पहिल्यांदा घेतली असावीत. नळी त्या दिवशी प्रथमच हिरवी आली होती, पण विष मांडीपर्यंत चढलं होतं. पाय कापायचा ठरला, तेवढाही अवसर मिळाला नाही. शिवप्पा पहाटे गेला. करंडी उघडलीसुद्धा नव्हती.

मल्लव्वाने जाताना सतरंजी उचलली, तांब्या उचलला, एक चप्पल उचलली, मग दुसरीही उचलली. करंडी तिथेच राहिली. याकूबभाईला ती किचनमध्ये आणवेना, म्हणून मी आणली आणि कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवली. मेट्रनबाई म्हणाल्या, "ही राहू दे. ही नको शिजवायला." अन्न टाकायला सांगितलेलं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

तेराव्या दिवशी मल्लव्वा कामावर आली. आली ती सरळ कोपऱ्यात गेली आणि पोतं काढलं. करंडीसमोर हात जोडले. फळं तीन पाण्यांनी धुतली. सालं काढली, फोडी केल्या, दालचिनी घातली, झाकण ठेवलं. गर पुरणयंत्रातून काढून झाला, तेव्हा मी सवयीने चमचा घेऊन पुढे झाले.

तिने माझा हात बाजूला केला. स्वतः बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. डोळे मिटले आणि गर जिभेवर फिरवला.

मग दारात उभ्या असलेल्या मेट्रनबाईंपुढे हात पसरला. "बाई, आंबट हाय. साखरंची किल्ली द्या."

मेट्रनबाईंनी पिन काढली. किल्ली तिच्या हातावर ठेवली. मल्लव्वाने कुलूप उघडलं आणि एक मूठ साखर घातली. ढवळलं, पुन्हा चाखलं आणि आणखी एक मूठ घातली.

"ह्यो शुगरवाल्यांना देऊ नगा," ती मला म्हणाली. "बाकी समद्यांना द्या."