एडनचा मेंढा आणि दोन भाग ईथर

रत्नागिरीला गुरांचा डॉक्टर म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा मी पंचविशीत होतो. माझ्याजवळ एक लोखंडी ट्रंक, कॉलेजची एक वही आणि प्रत्येक गोष्टीवर एक मत होतं. त्यातली ट्रंक अजून आहे. मी देशावरचा. आमच्याकडे मेंढ्या म्हणजे रस्ता अडवून बसणारी जमात, इथे मात्र बैल, म्हशी आणि क्वचित एखाद्या वकिलाचं टांग्याचं घोडं. तीही माझ्याकडे फारशी येत नसत. लोकांचा घरच्या औषधावर विश्वास होता आणि माझ्यावर नव्हता. दवाखाना टपालकचेरीला लागून असल्यामुळे मी जनावरांपेक्षा पत्रंच जास्त तपासली. ज्यांना वाचता येत नसे ते पत्र घेऊन सरळ माझ्या बाकावर येऊन बसत. मी पैसे घेत नाही आणि मला काम नाही, या दोन्ही गोष्टी गावभर झाल्या होत्या.

खाडीपलीकडून एक म्हातारी महिना-दोन महिन्यांनी येई. तिचा मुलगा मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटीवर खलाशी होता. लग्नासाठी म्हणून आला, चार महिने राहिला आणि बोटीवर परत गेला, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. लग्नाला येताना त्याने एडनहून एक मेंढा आणला होता. बोटीवर खाण्यासाठी घेतलेल्या मेंढ्यांतला हा उरला म्हणे. त्याला शेपटीच्या जागी चरबीचं गाठोडं होतं. अख्ख्या खाडीकाठी तेवढा एकच मेंढा, त्यामुळे माणसं मुद्दाम बघायला जात आणि धडक खाऊन परत येत.

मुलाचं पत्र आईच्या नावे येई. तेही बोटीवरच्या कुणा लिहिता येणाऱ्याकडून लिहवून घेतलेलं. आईला साष्टांग नमस्कार, छप्पर शाकारलं का, भात किती झालं, आणि शेवटी दरवेळी न चुकता, 'मेंढा कसा आहे ते सविस्तर कळवावे.' बायकोचं नावही नसे. मला त्याचा मनस्वी राग येई. एवढ्या समुद्रापलीकडून हा गडी मेंढ्याची चौकशी करतो आणि घरच्या माणसाची आठवण नाही, असं माझं मत होतं.

सून सासूबरोबर येई. डोक्यावर पदर घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राही. उत्तर लिहिताना म्हातारी घडाघडा सांगे, पण मेंढ्यापाशी आली की कंटाळे. "त्याचा हिला इचारा. ही घालते त्याला चारा," म्हणे आणि मिश्रीची डबी उघडून बाहेर बघत बसे. मग सून जमिनीकडे बघत सांगे, "खातोय बरा. पन सांजच्याला उगी ऱ्हवत नाय. खाडीकडं त्वांड करून बसतो."

मी लिहीत असे, 'मेंढ्याची प्रकृती उत्तम. रवंथ व शौच नियमित.' खाडीकडे तोंड वगैरे मी गाळून टाकी. शास्त्र शिकलेल्या माणसाने जनावराच्या मनातलं लिहू नये, असा माझा बाणा होता. लिहिलेलं वाचून दाखवलं की ती नुसती मान हलवी.

एका वैशाखात मेंढ्याच्या जबड्याखाली गाठ आली. आवळ्याएवढी होती तोवर म्हातारी लेप लावत राहिली. ती पेरूएवढी झाली आणि त्याला घास गिळवेना, तेव्हा माझी आठवण झाली. गाठ काढणं भाग होतं. म्हातारी म्हणाली, "चार मानसां धरतील त्याला. तुमी कापा."

चार माणसांनी धरून कापायचं असतं तर मी कॉलेजात कशाला गेलो होतो? मी सांगितलं, गुंगी दिल्याशिवाय सुरी लावणार नाही. मग त्या दोघींना बाकावर बसवून मी गुंगीचं शास्त्र समजावलं. नुसता क्लोरोफॉर्म दिला तर जनावर चटकन निजतं, पण त्याचं काळीज दगा देतं. नुसतं ईथर काळजाला सांभाळतं, पण मेंढा लवकर निजत नाही, हातपाय झाडतो आणि त्याची लाळ श्वासात जाते. म्हणून दोघांची जोडी लावायची, एक भाग क्लोरोफॉर्म आणि दोन भाग ईथर. एकाचे दोष दुसरा सांभाळून घेतो. लग्न जुळवणारा मध्यस्थ बोलतो तसा मी बोलत होतो, आणि मध्यस्थाइतकाच मी त्या संसाराचा अनुभवी होतो.

म्हातारीला ते पटलं. सुनेने मात्र विचारलं, "त्याला काय झाला तर पत्रात काय लिवायचा?"

"काही होत नाही," मी म्हणालो. नवऱ्याच्या रागाला भिते बिचारी, असं मला वाटलं. मेंढ्याला एक दिवस उपाशी ठेवा एवढंच मी बजावलं.

ठरल्या दिवशी सकाळी सातलाच मी मिश्रण मोजून तयार केलं. बाटलीच्या बुचाला खाच पाडून तीत कापसाची वात बसवली, म्हणजे थेंब थेंब सोडता येतो. वेताच्या लहान टोपलीला आतून फलालीनचं कापड शिवून मेंढ्याच्या तोंडासाठी मुखवटा केला. हत्यारं उकळली. सगळं टेबलावर मांडून मी वाट बघत बसलो. मेंढा खाडीपलीकडून होडीने यायचा होता आणि खाडीला ओहोटी लागली होती. होडी चिखलात बसली. भरती-ओहोटीचं कोष्टक माझ्या वहीत नव्हतं.

मेंढा आला तेव्हा एक वाजून गेला होता. कौलं तापून दवाखान्याची भट्टी झाली होती. त्याच्याबरोबर सुनेनेही कालपासून तोंडात घास घेतला नाही, अशी म्हातारीने तक्रार केली. मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण बाटलीतलं मिश्रण सकाळच्या खुणेपेक्षा चांगलं चार बोटं खाली गेलं होतं. मी दवाखान्यातल्या कंपाउंडरवर डाफरलो. सांडलं असशील तर कबूल कर, म्हणालो. तो बिचारा आईची शपथ घेऊ लागला. उरलं आहे त्यात भागेल, प्रमाण तर तेच आहे, असा हिशेब करून मी त्याला थेंब सोडायला बसवलं.

मेंढा इतक्या लवकर निजला की मला माझंच कौतुक वाटलं. ना हातपाय झाडले, ना लाळ आली. "बघ, जोडीचा गुण," मी कंपाउंडरला म्हटलंसुद्धा. गाठ अखंड सुटून आली. मी सात टाके घातले, आणि ते इतके सुबक होते की आजही मला तसे जमणार नाहीत. सातवा टाका घालताना माझ्या लक्षात आलं की मेंढ्याची कूस हलत नाही.

आम्ही मुखवटा फेकला, त्याच्या बरगड्या दाबल्या, जीभ ओढली, पाणी मारलं. त्याचा उपयोग झाला नाही.

ईथर उन्हाने उडून जातं हे मला माहीत होतं. ते क्लोरोफॉर्मच्या कितीतरी आधी उडतं हेही माहीत होतं. सहा तास त्या तापत्या खोलीत ईथर वातीवाटे निघून गेलं होतं आणि बाटलीत उरला होता तो जवळजवळ नुसता क्लोरोफॉर्म. संध्याकाळी वही काढून बघितली. 'मिश्रण आयत्या वेळी करावे,' माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून. कंपाउंडरची मी माफी मागितली. ती त्याने इतक्या पटकन दिली की मला जास्तच लाज वाटली.

म्हातारीलाही मी सांगितलं, चूक माझी आहे. ती म्हणाली, "तुमी तरी काय करनार. त्याचा तेवडाच व्हता." सून मेंढ्याच्या कानामागे हात ठेवून बसून राहिली होती. ती रडली नाही. माझ्या हातून पुढे बरीच जनावरं गेली, पण ते बसणं मला कायमचं लागलं.

आषाढात पत्र आलं. शेवटी नेहमीचंच, मेंढा कसा आहे. म्हातारीने सांगायला सुरुवात केली, "लिवा, मेंढा म्येला."

"नको," चौकटीपाशी सून म्हणाली. न विचारता ती पहिल्यांदाच बोलली होती. "बरा हाय, आसा लिवा."

म्हातारीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मिश्रीची डबी उघडली. मला वाटलं, माझी अब्रू राखते आहे. त्या उपकाराच्या भाराने मी ठरवलं की आता ती सांगेल ते अक्षर न गाळता लिहायचं. तिने सांगितलं, लावणीत दोन दिवस भिजून मेंढ्याला खोकला झाला, आता उतरला. रात्री कौलांवर पाऊस वाजतो तेव्हा त्याला झोप येत नाही. खाडीत कुणाची होडी दिसली की तो उठून उभा राहतो. मी मुकाट्याने लिहिलं. नंतरच्या पत्रात मेंढा दिवाळीला गोडाचं खाईना. त्याच्या नंतरच्या पत्रात तो म्हणे आताशा फार शहाण्यासारखा वागतो. शास्त्राच्या दृष्टीने मेंढा पार बिघडत चालला होता, पण ज्याला मी मारला त्याच्याविषयी वाद घालायला मला तोंड नव्हतं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात खलाशी स्वतःच दवाखान्यात आला. रंगाने काळा, अंगाने रुंद, आणि माझ्याहून बुजरा. माझं भाषण मी कित्येक महिने पाठ करून ठेवलं होतं. क्लोरोफॉर्म, ईथर, ओहोटी, सगळं क्रमाने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मेंढा म्येला त्या मना म्हायती हाय," तो म्हणाला. "आषाढातल्या पत्रातच कळला."

"कसं?"

"जिता व्हता तवर तुमच्या पत्रात तो निस्ता खायचा नि हगायचा. आषाढापास्ना वाट बगाया लागला."

मी टेबलावरची वही उगाच सरळ केली. त्यालाच अवघडल्यासारखं झालं असावं. तो बाकाच्या कडेशी बोलावं तसं बोलू लागला.

"आईच्या नावचा पत्र. लिवनारा परका, वाचनारा परका. त्यात बायकोचा कसा इचारायचा? म्हनून मेंढा इचारत व्हतो. तिला ठावं व्हता. तुमी मात्र वरीसभर मना शौच कळवत व्हताव."

मी मान खाली घातली. चुकीच्या जोडीने मी मेंढा एकदाच मारला होता. या दोघांचं बोलणं मात्र मी शुद्धीवर असताना, सुवाच्य अक्षरात, महिन्यामागून महिने मारत आलो होतो. एवढी लाज मला मेंढ्याच्या मरणाचीही वाटली नव्हती.

त्याने माझ्यासाठी एडनच्या खजुराची पुडी आणली होती. ती त्याने टेबलावर, मुखवट्याच्या टोपलीशेजारी ठेवली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, या खेपेला आणखी एखादा मेंढा आणला का.

"आता कशाला?" तो म्हणाला. "म्यां बोट सोडली."