कुंकवाच्या फ्लॉप्या

सांगलीत माझं लग्नपत्रिका छापून देण्याचं दुकान होतं. कॉम्प्युटर चालत होता, प्रिंटर छापत होता, आणि हे मला बघवत नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली तशी मी ती दसऱ्याच्या मुहूर्तावर चढवली. आदल्या दिवशी खंडेनवमीला हत्यारांची पूजा. म्हणून जुन्या सिस्टीमच्या फ्लॉप्या पाटावर मांडून त्यांना चिमटीने हळदकुंकू वाहिलं. बायको म्हणाली, "नुसतं फूल ठेवा." तिला या विषयातलं काय कळतं, असा माझा समज.

पुढचे दोन दिवस मी पडद्याचे रंग बदलत बसलो. छापून बघायचं काही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी विट्याचे एक काका आले. कोइमतूरला त्यांचं सोनं गाळायचं दुकान. मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका ते स्वतः गणपतीपुढे ठेवणार आणि संध्याकाळी मिरजेहून गाडी धरणार. लग्नापर्यंत पुन्हा येणं नव्हतं. मजकूर तयारच होता. मी ऐटीत बटण दाबलं. प्रिंटर ढिम्म.

"वायर निघाली आसंल," काका म्हणाले.

"वायर ठीक आहे. प्रिंटरही ठीक आहे."

"मग बिघडलं काय?"

"काही नाही. प्रिंटरला सिस्टीमचं म्हणणं सांगायला ड्रायव्हर म्हणून एक प्रोग्राम लागतो. आपला जुन्या सिस्टीमसाठी केलेला आहे. नव्या सिस्टीमला तो चालत नाही."

काका म्हणाले, "म्हंजी दुभाषाच की. आवं, कोइमतूरला आमच्या दुकानाच्या जागेचा मालक बदलला. जुन्याला हिंदी यायची, नव्याला निस्ती तमिळ. आमचा दुभाषा हिंदीवाला. त्यो बी बसला, आमी बी बसलो. तुमी मालक बदलायच्या आदी दुभाषा का न्हाई बगितला?"

हा प्रश्न सिस्टीमच्या जाडजूड पुस्तकातही होता म्हणे. मी ते पुस्तक पूजेत ठेवलं होतं, वाचलं नव्हतं.

मजकूर आणि फॉन्ट एका कोऱ्या फ्लॉपीत घेतले, एवढी एकच अक्कल दाखवली, आणि जुनी सिस्टीम परत चढवायला बसलो. दुसऱ्याच फ्लॉपीला करकर आवाज आला. पत्र्याचं झाकण सरकवून पाहिलं तर आत कुंकू. श्रद्धेने परतीची वाटही बुजवली होती. प्रिंटरच्या ड्रायव्हरची फ्लॉपी तेवढी कपाटात विसरल्यामुळे पूजेतून वाचली.

कुपवाडला मित्राचं लेथचं वर्कशॉप होतं. त्याच्या कॉम्प्युटरवर जुनीच सिस्टीम, आणि त्यावरून मी त्याला दसऱ्यापासून मागासलेला म्हणत होतो. स्कूटरवर काका मागे, त्यांच्या मांडीवर प्रिंटर, असे आम्ही त्याच्या दारात उतरलो.

"या, पुढारलेले," तो म्हणाला. "काय मोडलं?"

"काही मोडलं नाही."

"मग लय अवघड हाय, गड्या."

त्याच्या कॉम्प्युटरने ड्रायव्हर मुकाट्याने घेतला. पाच मिनिटांत पत्रिका बाहेर आली. काकांनी ती दोनदा वाचली, मुलीच्या नावावरून बोट फिरवलं आणि खिशातून कुंकवाची पुडी काढली. मग थांबून माझ्याकडे बघितलं.

"कोपऱ्याला लावू का? का ही बी बंद पडंल?"

"लावा," मी म्हणालो.

मित्राने तेवढ्यात कॉम्प्युटरवर फडकं टाकलं.