वडिलांच्या वतीने

पक्षाघातानंतर वडिलांची वाचा गेली होती, पण त्यांना कळत सगळं होतं. आरोग्याच्या एका अभ्यासासाठी बडनेऱ्याच्या आमच्या घरी एक बाई आल्या, तेव्हा वडिलांच्या वतीने उत्तरं द्यायला मी बसलो. झोप चांगली, भूक ठीक. कुठे दुखतं का, यावर मी म्हणालो, "नाही."

आई आतून बाहेर आली. "कोन म्हनते दुखत नाही? रोज सकाळी गुडघा शेकून द्यावं लागते त्याईचा."

मी त्याच घरात राहत होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं. बाईंनी माझं उत्तर खोडलं आणि उत्तर देणाऱ्याच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं. पुढचा प्रश्न होता, गेल्या महिन्यात त्यांना उदास वाटलं का?

आई अडखळली. मग तिने खाटेजवळ जाऊन वडिलांनाच विचारलं, "तुमाले उदास वाटते का जी?"

वडिलांनी तिच्याकडे पाहत हळूच होकारार्थी मान हलवली.

"मी कधी इचारलंच नाही," आई म्हणाली.

बाई गेल्यावर आम्ही दोघांनी धरून वडिलांना घरासमोरच्या ओट्यावर आणून बसवलं. रेल्वेतले त्यांचे जुने सोबती येता-जाता थांबून बोलू लागले.