लान्सरला आठवं माणूस

"आठवं कोण हाय?"

दार उघडायच्या आत हा प्रश्न घरात यायचा आणि त्याच्यामागून आंटी. फुलाफुलांचा फ्रॉक, पायात कॅनव्हासचे बूट आणि तोंडात अस्सल दौंडची मराठी. तुम्ही इथल्या रेल्वे कॉलनीत राहिला असाल, तर तुमच्याही दारात ती कधीतरी उभी राहिली असणारच.

आठवं माणूस तिला लान्सरसाठी हवं असायचं. लान्सर म्हणजे चार जोड्यांचा नाच. चौकोनात समोरासमोर उभं राहायचं, वाकायचं, हात बदलत सगळ्यांना भेटायचं आणि पुन्हा आपल्या जागी यायचं. तो साहेबांनी विलायतेहून आणला. साहेब गेले, पण आंटीची अँग्लो-इंडियन गार्ड-ड्रायव्हर मंडळी इथंच राहिली आणि नाचही रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे त्यांच्या क्लबच्या, हॉलमध्ये राहिला. पुढं त्यांतलीही कुटुंबं एकेक करत ऑस्ट्रेलियाला गेली. सात जणांत लान्सर होत नाही, म्हणून आंटी घरोघर फिरायला लागली.

मी शिरूरची, लग्न होऊन कॉलनीत आलेली. पहिल्याच नाताळात तिनं मला आणि नवऱ्याला धरलं. सासूबाई कडाडल्या, "परक्या बाप्याचा हात धरायचा? आमच्यात न्हाई चालत!"

"मग तुमी चला की राखणीला. खुर्ची देते."

सासूबाई खरोखरच आल्या आणि भिंतीला टेकून खुर्चीत बसल्या. नेमकं त्या दिवशी एका बाईला ताप आला. आंटी सासूबाईंपुढं येऊन उभी राहिली. "आठवं कोण हाय?" सासूबाईंनी मागं वळून पाहिलं. मागं भिंतच होती.

"फुगडी घालता न्हवं? मग उठा."

सासूबाईंनी नऊवारीचा पदर खोचला. आंटीचे हुकूमही रेल्वेचे असायचे. "क्रॉसिंग! शंटिंग! आता इंजिन बदला!" मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावतात, तसं या हुकमावर सगळ्यांनी उलटं फिरायचं. बाकी सगळं चुकलं, पण इंजिन मात्र सासूबाईंनी झोकात बदललं.

घरी आल्यावर त्यांनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "ह्यांनी हे समदं खिडकीतनं पाह्यलं व्हतं."

सासरे हयात असताना लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांना हॉलच्या दारात कुणी अडवलं नव्हतं, पण आत या असंही कुणी म्हटलं नव्हतं.

पुढच्या नाताळपासून सासूबाई आमच्याआधी तयार होऊन बसू लागल्या.

आंटीची लेक मेलबर्नला. "आता इकडंच राहायला ये," म्हणून ती दर वर्षी मागं लागायची. आंटीचं उत्तर ठरलेलं, "मी आले तर हितं आठवं कोण?"

पण लान्सर हळूहळू पसरला. माझ्या भाचीच्या हळदीत तो शिरूरला डीजेवर झाला. त्याचे व्हिडिओ पाहून शिक्रापूरच्या कंपन्यांतली पोरं-पोरी शिकायला यायला लागली. गेल्या नाताळात तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे चौकोन भरले आणि आंटी भिंतीपाशी एकटी उरली. सासूबाईंनी आपली जागा देऊ केली, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. बघू द्या मला." ती खूश होती, पण तिचा चेहरा मला बघवेना. लेकीचा फोन आला, तेव्हा या खेपेला आंटी "येते" म्हणाली.

मेलबर्नला निघालेल्या आंटीला पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी मनमाडकडूनच आलेली, त्यामुळं इंजिन बदलेपर्यंत वेळ होता. आंटी खिडकीशी बसली. बोलण्यासारखं सगळं बोलून झालं, तेव्हा तिनं सवयीनं बोट फिरवत आम्हाला मोजलं. आम्ही सात होतो.

"आठवं कोण हाय?"

सासूबाईंनी खिडकीचा गज घट्ट धरला.

"तूच की. उतर खाली."

आंटी हसली. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. दुसऱ्या टोकाला इंजिन लागल्याचा धक्का बसला.