नळी घशात असताना आई आली

"तुमच्या अभ्यासात असेल बघ, गुइलेन-बॅरे सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. लुळेपणा पायांपासून वर चढत जातो. मी चंद्रपूरला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. वर चढता चढता तो श्वासापर्यंत जाऊ शकतो, हे मला माहीत होतं.

आधी जुलाब झाले होते, मग तळपायाला मुंग्या. वडसाची माझी रूममेट म्हणाली, "काऊन अशी पाय ओढून चालून राह्यली?" मला वाटलं, वॉर्डात उभं राहून थकले असेन. मग एका सकाळी बीपीचा फुगा दाबता येईना.

व्हेंटिलेटर लागला, म्हणजे मशीन श्वास देऊ लागलं. गालावर माशी बसली तरी हाकलता येत नव्हती. ऐकू मात्र सगळं यायचं.

आमच्या गावाकडचा, भामरागडचा रस्ता पुरानं बंद होता. आई पोचली तेव्हा माझ्या घशात नळी होती. तिला फक्त माडिया येते. आयसीयूत ती भाषा येणारी मी एकटीच, आणि मलाच बोलता येत नव्हतं.

"पोरीचं तोंड काऊन बंद केलं?" असं ती आमच्या भाषेत विचारत राहिली. सिस्टर मराठीत मोठ्यानं समजावत होत्या. आईनं नळीला हात घातला. नळी निघाली तर मी मरणार, हे मला कळत होतं. मी नुसती बघत होते.

लिसी मॅडमनी तिचा हात धरला. त्या आमच्या ट्यूटर, केरळच्या. पहिल्या वर्षी मी वर्गात गप्प बसायचे, तेव्हा म्हणाल्या होत्या, "मी आली तेव्हा मला पण मराठी येत नव्हता. चुकत चुकत बोल." त्या आईवर ओरडल्या नाहीत. तिचा तळवा माझ्या छातीवर ठेवला, मशीनकडे बोट केलं आणि मशीनच्या लयीत स्वतः श्वास घेऊ लागल्या. बऱ्याच वेळानं आईनं नळी सोडली.

आता श्वास माझा मी घेते, नळी निघाली आहे. बोटांत सुई धरता येत नाही. वर्ष बुडालं. डॉक्टर म्हणतात, "हात पूर्ण येतील का, आज सांगता येणार नाही."

तुमच्या माणसाला हा आजार झाला तर त्याच्याशी बोलत राहा. आणि घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगणारं कोणीतरी शोधा.

आई माझी वेणी घालते. मॅडम आल्या की त्यांना शेजारी बसवते. दोघींना एकमेकींचं फारसं कळत नाही. तरी बोलत राहतात. मी मध्ये पडत नाही.