बासष्टचे पेढे

एमबीएच्या प्रवेश परीक्षेला मी चार वेळा बसले आणि चारही वेळा माझं डोकं फिरलं. केंद्र नाशिकला. आदल्या दिवशी शहाद्याहून निघायचं, मामीकडे मुक्काम करायचा, आणि सकाळी केंद्राच्या फाटकावर एक बाई सांगणार, कानातलं काढा, केसांची क्लिप काढा, बाह्या वर करा. एवढं सगळं उतरवून आत जावं तर पडद्यावर प्रश्न काय, की आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, डॉक्टर वकिलाच्या शेजारी नाही, इंजिनिअरच्या समोर शिक्षिका आहे, तर नर्सच्या डाव्या हाताला कोण? अहो, आमच्याकडे आठ माणसं जमली की पंगत बसते. कोण कोणाशेजारी बसत नाही हे अख्ख्या गावाला पाठ असतं, त्याला कॉम्प्युटर लागत नाही.

हे मी पहिल्यांदा माईकवर बोलले ते शहाद्यातच, ज्या क्लासमध्ये या परीक्षेची तयारी केली त्याच्याच वरच्या हॉलमध्ये. रविवारी दुपारी तिथे आम्ही काही जण स्टँडअप करायचो. प्लास्टिकच्या पंधरा-वीस खुर्च्या, गणपती मंडळाकडून मागून आणलेला स्पीकर, आणि अर्धी अहिराणी, अर्धी मराठी. लोक हसले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की आपण कुठेतरी पास झालो. मग मला त्याचं वेडच लागलं. आठवडाभर गणितं सोडवताना वहीच्या मागच्या पानांवर मी जोकच लिहीत बसायची.

खरं म्हणजे स्टँडअप मी त्याआधीच पाहिलं होतं, ते वडिलांच्या बसमध्ये. पप्पा एसटीत कंडक्टर होते. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि या मास्तरांची शहादा ते खांडबारा अशी फेरी असली की लोक मुद्दाम तीच गाडी धरायचे. एखादी बाई पोराला मांडीवर दाबून म्हणायची, चार वर्षांचा आहे, तिकीट कशाला? पप्पा त्याच्याकडे नीट बघून म्हणायचे, "माय, याले मिशा फुटी ऱ्हायन्यात." सगळी बस हसायची, ती बाईही हसायची आणि मुकाट अर्धं तिकीट घ्यायची. कोणी त्यांची फिरकी घेतली तर त्यांचं उत्तर तयार असायचं. नोकरीत कोणाला त्यांनी उत्तराविना सोडलेलं मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या वेळचा निकाल सकाळी मोबाइलवर आला. बासष्ट पर्सेंटाइल. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांना सांगते, हे टक्के नव्हेत. बासष्ट म्हणजे शंभरातले बासष्ट तुमच्या मागे आणि अडतीस पुढे. बरं कॉलेज हवं तर नव्वदच्या वर लागतात. वर्षभर डोळे फोडून मी जिथे होते तिथेच होते. मी मोरीत नळ सोडून रडले. बाहेर आले तर पप्पा गणवेश घालून दारात उभे. किती म्हणाले, मी म्हटलं बासष्ट. त्यांनी मान हलवली, मोबाइलवरचा तो निकाल स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला आणि ड्युटीवर गेले.

संध्याकाळी आले ते दोन किलो पेढे घेऊन. निकालाची प्रिंट काढून तिला लॅमिनेशन केलेलं. "बासष्ट, फर्स्ट क्लास," असं गल्लीत प्रत्येकाला सांगत त्यांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये वाटले. लॅमिनेशन दाखवत वाटले. माझ्या तोंडात पेढा भरवला तेव्हा मला सांगवेना, की पप्पा, हे नापासाचे पेढे आहेत. माणूस इतका खूश होता. मी गिळला आणि गप्प राहिले.

गप्प राहिले ती घरात. स्टँडअपवाल्याला स्वतःच्या घरातलं मढंही झाकून ठेवता येत नाही. पुढच्याच महिन्यात मी ते माईकवर सांगितलं. बापाला टक्के आणि पर्सेंटाइल यातला फरक कळत नाही, आणि अख्खी बस त्याच्या पोरीच्या नापास होण्याचे पेढे खाते, वर म्हणते, मास्तर, अजून एक द्या. असा हशा मला त्याआधी कधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. एक जण शिट्टी मारत खुर्चीवर चढला. कोणीतरी व्हिडिओ काढला. मी अडवलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

पंधरा दिवसांनी नंदुरबारहून परत येताना पप्पांचीच गाडी मिळाली. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होते. तापीच्या पुलाच्या अलीकडे मागून एक बियाणंवाला मोबाइल उंच धरून म्हणाला, "मास्तर, आज पेढा नही का? बासष्टना?" बसमध्ये हशा झाला. म्हणजे बऱ्याच जणांनी तो व्हिडिओ पाहिला होता. मी ओढणी तोंडावर ओढली. पण मनात म्हटलं, आता पप्पा याची अशी काही जिरवतील की हा नंदुरबारला तोंड दाखवणार नाही.

पप्पांनी काही म्हटलं नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्याचं तिकीट फाडून त्याला दिलं, म्हणाले, "पुढे सरका," आणि घंटीची दोरी दोनदा ओढली. दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा, पण गाडी तर चालूच होती. तरीही त्यांनी दोनदा ओढली.

त्यानंतर बसमध्ये त्यांनी जोक केला नाही. घरी तर त्या गोष्टीचं नावच नाही. तिकीट, सुटे द्या, पुढे सरका, एवढंच. निवृत्तीपर्यंत पाच वर्षं ती गाडी मुकी धावली. लोक म्हणायचे, मास्तर म्हातारे झाले. मला ठाऊक होतं काय झालं ते. भर बसमध्ये मी बापाला अडाणी ठरवलं होतं. मी माफी मागायला किती वेळा गेले आणि भाजी काय करू विचारून परत आले. तो जोक मी त्या दिवसापासून बंद केला. दुसरे सांगते, लोक हसतातही, पण हशा ओसरला की मला ती घंटी ऐकू येते. दोनदा. कधी कधी मी माईकसमोर तशीच थांबते आणि पुढचं वाक्य विसरते. समोरच्यांना वाटतं, हा पॉज आहे.

कॉलेज काही मिळालं नाही. आता मी त्याच क्लासमध्ये पोरांना तीच गोल टेबलं शिकवते. म्हणतात ना, ज्याला भ्यावं तेच पुढ्यात यावं.

परवा आई म्हणाली, पप्पांची तिकिटांची पत्र्याची पेटी रिकामी कर, मला तीत डाळ ठेवायची आहे. पेटीच्या तळाशी ते लॅमिनेशन सापडलं. मी ते नेहमी पुढूनच पाहिलं होतं. आता उलटलं. मागच्या बाजूला, प्लास्टिकच्या आत, पप्पांच्या अक्षरात बॉलपेनने लिहिलं होतं:

"लोणखेड्याच्या सरांना विचारले. ६२ हे टक्के नाहीत. ३८ जण पुढे. चांगल्या कॉलेजला ९० लागतात. पुढच्या वर्षी पुन्हा बसवणे. घरी बोलू नये."

लोणखेडा कॉलेजचे एक सर रोज सकाळी पप्पांच्या गाडीने जायचे. मी ते प्लास्टिक कडेकडेने चाचपून पाहिलं. कुठे फटही नव्हती. लिहिल्यावरच ते बंद झालं होतं. म्हणजे पेढे आणायच्या आधी, त्या दिवशी सकाळीच, त्यांना सगळं कळलं होतं.

पप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी ते त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि परत शेंगा फोडायला लागले.

"मग पेढे कशाला वाटले?" मी म्हटलं.

"तू रडी ऱ्हायनी व्हती," ते म्हणाले. "नळ सोडा तरी आवाज येस ना."

मी विचारलं, की मग त्या बसमध्ये आणि नंतरही गप्प का बसलात? आपल्याला सगळं माहीत आहे, असं त्या माणसाच्या तोंडावर का नाही सांगितलं? तुम्ही तर कोणाला सोडत नव्हता.

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "मी जवाब दिन्हा असता, ते तुन्हा जोक पडी जाता. बापले समजत नही, यावरच लोके हसतंस ना? परीक्षाम्हा काही व्हयनं नही. तेवढं तरी चालू द्या म्हटलं."

मी जोत्यावर बसले. त्यांच्या ढिगातल्या शेंगा फोडायला लागले. मग त्यांनी विचारलं, सहज, जसं कोणाला उतरायचं ठिकाण विचारावं.

"अजून सांगस का तो जोक?"

"नाही पप्पा. त्या दिवसापासून नाही सांगितला."

ते माझ्याकडे बघत राहिले, बसमध्ये पाहिलं होतं तसेच.

"मंग मी काबर गप बसनू?"