ज्यांचं नाव नसीमाने गाळलं

नसीमा गेल्याची बातमी मला तिला शिकवलेल्या सरांनीच दिली. मी उमरखेडच्या एसटीत होतो. सरांनी फोनवर हुंदका असा दिला की कंडक्टरने घाबरून गाडी थांबवली. मग आवाज लगेच कोरडा झाला. "गजानन, पेपरच्या पुरवणीत तिच्यावर तू लिहिशीलच... माझी विद्यार्थिनी होती ती. तेवढं माझ्या नावानिशी येऊ दे." मी हो म्हणालो. खोटं बोलण्यात माझा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात नाही.

नसीमा बोरी अरबच्या पंप मिस्त्रीची मुलगी. यवतमाळच्या ज्या कॉलेजात आम्ही दोघं शिकवायचो, तिथे ती हजेरी घ्यायची तेव्हा तिकडे दूर पांढरकवड्याची पोरं 'येस मॅडम' म्हणत, असा आवाज. कापसाच्या त्या वाईट वर्षांत तिचे मामू फवारणी करता करता विषबाधेने गेले, तोंडाला फडकं बांधलेलं असताना. आणि सरांनी शोधनिबंध लिहिला की मजूर निष्काळजी, फडकंसुद्धा बांधत नाहीत. नसीमाने उत्तर लिहिलं: कापूस डोक्याच्या वर गेलेला, फवारा वर मारावा लागे आणि तो माणसाच्याच अंगावर उतरे. पण संशोधनाच्या डेटाबेसमध्ये कापूस, फवारणी, यवतमाळ असं काहीही टाका, पहिले सर. नसीमा इतक्या मागच्या पानावर, की तिथे यमसुद्धा पत्ता विचारत गेला असता. ती पेटली. सरांना खोडणारे लेखावर लेख लिहिले, प्रत्येकाच्या संदर्भांत नियमाप्रमाणे सरांचं नाव. सर पहिल्या जागेवर आणखीच घट्ट बसले.

एकदा लायब्ररीतल्या कॉम्प्युटरसमोर ती हसतच सुटली.

"गजाभाऊ, आपण याले शिव्या देऊन राह्यलो, अन् हे मशीन त्याईले मतं समजून मोजून राह्यलं."

"म्हणजे कसं?"

"शब्द किती जुळले ते पाह्यते, अन् नाव किती जणाईनं घेतलं ते. चांगलं घेतलं का वाईट, त्याले काय कळते? बुढ्याले वर मीच चढवलं."

"मग आता?"

"आता त्याचं नावच नाही घ्यायचं. मामूची कसम."

पुढे तिने मथळ्यांत लोक शोधताना टाकतात तेच शब्द घातले, पुरावा थेट शेतातून आणला, आणि सरांच्या दारावरून जाणंच सोडलं. तिच्या विद्यार्थिनी तिचे संदर्भ देत, सरांचे नाहीत. एका समारंभात सरांनी गोड हसत विचारलं, "हल्ली आम्हाला विसरलीस वाटतं?" नसीमा म्हणाली, "नाही सर. मोठ्या माणसाचं नाव उठसूट घ्यायची आमच्या घरी पद्धत नाही." सरांच्या हातातला पेढा तसाच राहिला... माझ्या हिशोबाने तो अजून तसाच असेल.

शोकसभेनंतर मी लायब्ररीत गेलो. तिची खुर्ची पोरींनी रिकामी ठेवलेली नाही, पाळीपाळीने तिथेच बसून लिहितात. एकीला म्हटलं, टाक बरं ते शब्द. सर अजून पहिले आहेत. आणि त्यांच्या लगेच खाली, टाचेला चावता येईल इतक्या जवळ, नसीमा.

"किती दिवस लागतील गं?"

ती मान वर न करता म्हणाली, "आम्ही कुठं जाऊन राह्यलो, सर?"